भात खातो की भात राखतो?

नाकतोडा हा मराठीतला मोठा उदार शब्द आहे. गवतातून टुणकन उडी मारणारा लांब तंगड्यांचा जो कोणी कीटक दिसेल त्याला आपण नाकतोडा म्हणतो आणि मोकळे होतो. तो करडा असो की हिरवागार, त्याच्या मिश्या आखूड असोत की अंगाच्या दुप्पट लांब, तो भर उन्हात बांधावरून उडत असो की पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटच्या पट्टीवर येऊन बसत असो, नाव एकच. फार झाले तर झुंडीने येणाऱ्याला टोळ म्हणायचे आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात किरकिरणाऱ्याला रातकिडा. एवढ्या तीन शब्दांत आपला संसार चालतो. शिवाय या सगळ्यांबद्दल आपली एक समजूत पक्की असते, ती म्हणजे ही मंडळी गवत आणि पाला खाऊन जगतात. शाळेच्या पुस्तकातल्या अन्नसाखळीत तर नाकतोड्याची जागा कायमची राखून ठेवलेली आहे. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक खातो, बेडकाला साप खातो. पिढ्यान् पिढ्या मुलांनी हे पाठ केले. प्राणिशास्त्राचा शिक्षक म्हणून मीही ते फळ्यावर असंख्य वेळा काढले आहे.

ही साखळी चुकीची नाही, पण अपुरी आहे. गवत खाणारा नाकतोडा आणि त्याला खाणारा बेडूक यांच्या मध्ये आणखी एक जण बसू शकतो. तोही दिसायला नाकतोडाच असतो. हिरवा अंगरखा, लांब मागचे पाय, पानासारखे मिटलेले पंख, सगळे तेच. फरक एवढाच की तो गवतात चरायला आलेला नसून, चरायला येणाऱ्यांची वाट पाहत बसलेला असतो. आजचा लेख या शिकारी नाकतोड्यांबद्दल आहे. त्यांचे शरीर कसे असते, त्यांचे कुळ कोणते, आणि ते कुळ ठरवण्याचा खटाटोप शास्त्रज्ञ का करतात, हे सांगावे असे बरेच दिवस मनात होते.

मिश्या मोजा, मग नाव द्या

प्रथम घराणे समजून घेऊ. नाकतोडे, टोळ आणि रातकिडे हे सगळे ऑर्थोप्टेरा या गणातले कीटक. या गणाचे दोन मोठे भाग पडतात. एकाला सेलिफेरा म्हणतात. त्यात आखूड मिश्यांचे, दिवसा वावरणारे नाकतोडे आणि टोळ येतात. दुसरा भाग एन्सिफेरा. त्यात रातकिडे आणि लांब, केसासारख्या बारीक मिश्यांचे नाकतोडे येतात. एन्सिफेरा म्हणजे तलवार धारण करणारे. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्यासाठी तलवारीसारखा किंवा विळ्यासारखा जो अवयव असतो, त्यावरून हे नाव पडले. मुले ही तलवार पाहून ‘नांगी, नांगी’ म्हणून मागे सरतात. ती नांगी नव्हे. तिच्यात विष नसते. मातीत किंवा झाडाच्या सालीत भोक पाडून अंडी आत सरकवण्याचे ते हत्यार आहे.

लांब मिश्यांच्या या नाकतोड्यांना इंग्रजीत कॅटिडिड म्हणतात. अमेरिकेतल्या एका जातीचा आवाज तिथल्या लोकांना ‘केटी डिड, केटी डिडंट’ असा ऐकू येतो, म्हणून हे नाव. ब्रिटिश लोक त्यांना बुश-क्रिकेट म्हणतात. शास्त्रात त्यांच्या कुलाचे नाव टेटिगोनिडी असे आहे. या एका कुलात आजवर आठ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. गंमत अशी की टेटिगोनिडी हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्या ‘टेटिक्स’चा अर्थ कॅटिडिड नव्हे, तर सिकाडा. झाडांवर कर्कश ओरडणारा हा कीटक या कुलातल्या कित्येकांचे भक्ष्य आहे. म्हणजे शिकाऱ्याला शिकारीचेच नाव मिळाले!

वाचकांना घरी ओळख पटवायची असेल तर तीन खुणा पुरेत. मिश्या अंगाइतक्या किंवा अंगापेक्षा लांब असतील, पावलाला चार पेरे असतील (रातकिड्याला तीनच असतात), आणि पंख अंगावर कौलारू छपरासारखे उतरते मिटलेले असतील, तर तो कॅटिडिड. पावलाची पेरे मोजायला साधे भिंग लागते. बाकीच्या दोन खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

वरवंटा आणि अडकित्ता

कोणताही प्राणी काय खातो हे विचारायचे असेल तर त्याच्या तोंडात पाहावे. पाला खाणाऱ्या कॅटिडिडचे जबडे आखूड, रुंद आणि कडेला बोथट असतात. पाने दळायची असल्याने तिथे पाटा-वरवंट्याचे काम असते. शिकारी कॅटिडिडचे जबडे लांब, टोकदार आणि एकमेकांत गुंतणाऱ्या दातांचे असतात. ते दळत नाहीत, कातरतात. अडकित्त्यात सुपारी धरावी तसे ते नाकतोड्याचे कवच धरतात. मोठ्या जातीचा चावा माणसाच्या बोटातून रक्तही काढू शकतो, म्हणून हातात धरताना जपावे.

या चाव्यावरून स्वीडनमध्ये एक लोकोपचारच निघाला होता. तिथले खेडूत अंगावरच्या चामखिळीला एका धिप्पाड नाकतोड्याकडून चावून घेत. त्याने चामखीळ जाते असा त्यांचा विश्वास होता. आधुनिक वर्गीकरणाचा जनक कार्ल लिनियस स्वीडनचाच. त्याने १७५८ मध्ये त्या जातीच्या नावात ही समजूत कायमची कोरून ठेवली. ‘डेक्टिकस व्हेरुसिव्होरस’ यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ आहे चामखीळ खाणारा.

जबड्यानंतर पाय. शिकारी जातींच्या पुढच्या आणि मधल्या पायांच्या आतल्या बाजूला काट्यांची दुहेरी रांग असते. काही जातींत हे काटे पायाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लांब असतात. भक्ष्य टप्प्यात आले की पुढचे पाय त्याच्यावर झडप घालतात, मधले पाय मिटतात आणि काट्यांचा पिंजरा तयार होतो. आत सापडलेला कीटक जितका धडपडेल तितका काट्यांत रुततो. प्रार्थना कीटकाची पद्धत आपल्या परिचयाची आहे. त्याचे पुढचे दोन पाय चाकूच्या पात्यासारखे मिटतात. कॅटिडिडने तेच काम चार पायांवर वाटून घेतले. मागचे दोन पाय उडी मारण्यासाठी आणि तोल सांभाळण्यासाठी मोकळे राहिले.

तिसरी गोष्ट कान. कॅटिडिडचे कान डोक्यावर नसतात. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या जरा खाली दोन्ही अंगांना बारीक फटी किंवा पडदे दिसतात, ते त्याचे कान. छातीच्या बाजूला असलेल्या एका छिद्रातून आवाज नळीवाटे पायात उतरतो, आणि पडद्यावर बाहेरूनही पडतो. म्हणजे एकाच कानाला दोन वाटांनी आवाज पोहोचतो. कोलंबियाच्या गॉर्गोना बेटावरच्या ‘कोपिफोरा गॉर्गोनेन्सिस’ या जातीचा कान तपासून फर्नांडो माँटेआलेग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जे लिहिले, ते वाचून मी चकित झालो होतो. या इवल्याशा कानात पडदा आहे, पडद्याची थरथर पुढे नेणारी तरफ आहे, आणि शेवटी द्रवाने भरलेली पोकळी आहे, जिथे उंच आणि खालचे सूर वेगवेगळ्या जागी नोंदले जातात. आपल्या कानात हाडांच्या साखळीने आणि शंखाकृती नळीने जे साधले, तेच कीटकाने गुडघ्याखाली साधले. कीटक आणि माणूस यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, पण ऐकण्याच्या कोड्याला दोघांनी एकच उत्तर काढले.

कान आहेत ते अर्थात गाण्यासाठी. नर डाव्या पंखाच्या खालच्या बाजूची दातेरी कानस उजव्या पंखाच्या कडेवर घासतो आणि आवाज निघतो. रातकिड्यांत बहुधा उजवा पंख वर असतो, कॅटिडिडमध्ये डावा. आपल्याकडेही आढळणाऱ्या हेक्सासेन्ट्रस या शिकारी प्रजातीचा नर या कामात फार मोठा मल्ल आहे. ‘हेक्सासेन्ट्रस युनिकलर’ या जातीवर के. जी. हेलर यांनी १९८६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. गाण्याच्या वेळी हा नर सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा पंख घासतो. एवढ्या वेगासाठी स्नायू गरम लागतात. म्हणून गवयाने तंबोरा जुळवावा तसा तो आधी अंग तापवून घेतो आणि मगच पूर्ण सूर लावतो. एवढी शक्ती निव्वळ पाल्यावर कुठून येणार, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. पण ते माझे कुतूहल झाले, सिद्धान्त नव्हे.

दातेरी जादूगारीण आणि तिचे सोबती

आता या शिकाऱ्यांपैकी काहींची भेट घेऊ.

युरोपातली सर्वांत नावाजलेली जात म्हणजे ‘सागा पेडो’. दक्षिण युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या कोरड्या, झुडपाळ माळांवर ती राहते. शरीर सहा-सात सेंटिमीटर लांब, मागची तलवार त्याखेरीज वेगळी. पंख जवळजवळ नाहीतच, त्यामुळे उडणे नाही आणि गाणेही नाही. झुडपात निश्चल बसून राहायचे आणि नाकतोडा, दुसरा कॅटिडिड, प्रसंगी प्रार्थना कीटकसुद्धा धरून खायचा. लॅटिन भाषेत सागा म्हणजे चेटकीण. फ्रेंच लोक तिला ‘दातेरी जादूगारीण’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. नावात स्त्रीलिंग आहे ते उगीच नव्हे. या जातीत माद्याच माद्या आहेत. मादी नराविना अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्या निपजतात. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे नेहमीचे दोन संच नसून चार आहेत. अंडी मातीत कित्येकदा एकाहून अधिक वर्षे पडून राहतात. सागा प्रजातीतल्या इतर जातींत मात्र नर-मादीचा रीतसर संसार असतो.

फ्रान्सचा थोर कीटकनिरीक्षक झाँ-आँरी फाब्र (१८२३ ते १९१५) याने आपल्या अंगणात मोठ्या हिरव्या कॅटिडिडचे निरीक्षण केले. रात्री झाडावर झोपलेल्या सिकाडाची किंकाळी ऐकू येते ती कशाची, याचा माग त्याने काढला. तो हिरवा गवई झोपलेल्या सिकाडावर झडप घालून त्याचे पोट फोडत होता. पुढे फाब्रने या कॅटिडिडना पिंजऱ्यात ठेवून सिकाडांवरच पोसले. त्याच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. जाळीचा पिंजरा, चिकाटी आणि जागरण एवढेच भांडवल होते.

सिकाडाच्या शिकारीची खरी कमाल मात्र ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या ‘क्लोरोबॅलियस ल्यूकोव्हिरिडिस’ या ठिपकेदार शिकाऱ्याबद्दल डेव्हिड मार्शल आणि कॅथी हिल यांनी २००९ मध्ये लिहिले. तिथे सिकाडाचा नर गातो, आणि गाण्यातल्या ठरावीक जागी मादी पंखाची टिचकी वाजवून ‘मी इथे आहे’ असे सांगते. जागा चुकली तर उत्तर व्यर्थ. कव्वालीत टाळी नेमकी समेवर पडावी तसा हा मामला. आपला शिकारी गाणे ऐकतो, त्यातली उत्तराची जागा हेरतो आणि अगदी तिथेच टिचकी वाजवतो. नवरदेव धावत येतात आणि काट्यांच्या पिंजऱ्यात पडतात. विशेष म्हणजे ज्या जातींच्या सिकाडांशी त्याची गाठ कधी पडत नाही, त्यांच्या गाण्यालाही तो बरोबर उत्तर देऊ शकतो. म्हणजे त्याने एकेक गाणे पाठ केलेले नाही. गाण्याची घडण त्याला कळते.

सगळेच मांसाहारी एकाच पातळीचे नसतात. कित्येक जण मिश्राहारी असतात, आणि भूक त्यांना कुठवर नेते याचे उदाहरण पश्चिम अमेरिकेत दिसते. तिथल्या ‘मॉर्मन क्रिकेट’ला नावाने रातकिडा म्हणतात, पण तो पंखहीनासारखा दिसणारा कॅटिडिडच आहे. त्याचे लाखोंचे तांडे मैलोगणती चालत जातात. ते असे का चालतात, याचा उलगडा स्टीफन सिम्पसन, ग्रेगरी स्वोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केला. तांड्याला प्रथिने आणि मीठ यांची भूक असते, आणि या दोन्हींचा सर्वांत जवळचा साठा म्हणजे पुढे चालणारा भाऊबंद. जो थांबला त्याला मागचा खातो. तेव्हा प्रत्येक जण पुढच्याला खाण्यासाठी आणि मागच्यापासून वाचण्यासाठी चालत राहतो. दुरून पाहणाऱ्याला मात्र ती शिस्तबद्ध सेना वाटते.

काटे सारखे, कुळे वेगळी

आता वर्गीकरणाकडे वळू. हा विषय निघाला की वर्गात मुले जांभया देऊ लागत. ‘नावे पाठ करून काय होणार?’ हा त्यांचा प्रश्न असे, आणि तो रास्तही होता. म्हणून नावे न सांगता आधी अडचण सांगतो.

लिनियसने १७५८ मध्ये नाकतोडे, टोळ, रातकिडे, कॅटिडिड, इतकेच काय, प्रार्थना कीटकसुद्धा ‘ग्रिलस’ या एकाच प्रजातीत कोंबले होते. मराठीतल्या नाकतोड्यासारखाच उदारपणा! पुढे दोन शतके ती गाठोडी सोडवण्यात गेली. शिकारी कॅटिडिडची पाळी आली तेव्हा अभ्यासकांना सर्वांत ठळक दिसले ते पायांवरचे काटे. काटेवाले सगळे एका घरचे असे धरून त्यांतले बरेच जण लिस्ट्रोसेलिडिनी या उपकुलात घातले गेले. आपला हेक्सासेन्ट्रस तिथे होता, आग्नेय आशियापासून प्रशांत बेटांपर्यंत आढळणारा नाजूक फिसिस तिथे होता, ब्राझीलचा लिस्ट्रोसेलिस आणि ऑस्ट्रेलियाचा क्लोरोबॅलियसही तिथेच.

पण काटे हे कुळाचे लक्षण की धंद्याचे? सुताराच्या हाती पटाशी असते. दोन गावच्या दोन सुतारांच्या हाती पटाशी दिसली म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. शिकार करणाऱ्याला पकड लागते आणि पकडीला काटे लागतात. मग वेगवेगळ्या घराण्यांत, वेगवेगळ्या काळी, काटे स्वतंत्रपणे उगवू शकतात. छातीची ठेवण, श्वसनछिद्रे, पंखांच्या शिरा, नराची जननेंद्रिये असे बारकावे तपासल्यावर हे घर फुटू लागले. हेक्सासेन्ट्रसला स्वतःचे वेगळे उपकुल मिळाले. फिसिस मेकोनेमॅटिनी या उपकुलात गेला. युरोपातला ओकच्या झाडांवरचा जो छोटा शिकारी गाणे न गाता पाय पानावर आपटून ढोलकी वाजवतो, तो याच उपकुलातला. सागा आणि तिची आफ्रिकी भावंडे सॅजिनी या निराळ्या उपकुलात आहेत. पुढे डीएनएची मदत मिळाली. जोसेफ मगल्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कॅटिडिडची वंशावळ डीएनएवरून मांडली. त्यात पानासारखे पंख ही गोष्टसुद्धा एकदा नव्हे, तर अनेकदा स्वतंत्रपणे घडल्याचे दिसले. रूपावरून कुळ सांगणाऱ्यांना हा मोठा इशारा होता.

याचा जीवनाशी संबंध काय, याचे उत्तर ब्राझीलमधून मिळते. तिथे अटलांटिक किनाऱ्यालगतचे जंगल एके काळी अफाट होते. आज त्याचे तुकडे उरले आहेत. तिथल्या काटेरी शिकारी कॅटिडिडवर व्हेरोनिका फिआल्यो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नोव्हेंबर २०११ ते जानेवारी २०१२ या काळात ते रिओ दि जानेरोपासून दक्षिण बाहियापर्यंतच्या १५ संरक्षित जंगलांत गेले. त्यांपैकी १० जंगलांतून मिळून त्यांना १०४ कीटक सापडले. शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासून त्यांनी एक नवी प्रजाती आणि आठ नव्या जाती नोंदवल्या. दोन जुन्या जाती मात्र स्वतंत्र नाहीत असे दिसल्याने ती नावे रद्द झाली.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हे कीटक उत्तम राखलेल्या जंगलातच सापडतात, आणि एकेका जातीचा मुलूख फार लहान असतो. सगळे काटेवाले एकच मानले असते तर अहवालात लिहिले गेले असते की हा कीटक सर्वत्र आहे, काळजी नसावी. वेगळे ओळखले तेव्हा कळले की यातला एखादा गेला तर तो जगातूनच गेला. ज्याला नाव नाही त्याच्या नावाने कायदा करता येत नाही. सागा पेडोला युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशात संरक्षण मिळाले आहे, कारण १७७१ मध्ये पालास या निसर्गशास्त्रज्ञाने तिचे वर्णन करून ठेवले होते आणि पुढे कोणीतरी ती कुठे उरली आहे याच्या नोंदी ठेवत राहिले.

आपल्या सह्याद्रीची गोष्ट वेगळी नाही. कर्नाटकात कुद्रेमुखच्या जंगलात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी बालकृष्णन आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षे रात्री फिरून या कीटकांना आवाजावरून वेगळे करत आले आहेत. दक्षिण भारतातील मेकोपोडा प्रजातीत तर दिसायला जवळजवळ सारखे असणारे कीटक गाण्यावरून निरनिराळे असल्याचे त्यांना आढळले. डोळ्यांना जे एक दिसते ते कानांना अनेक ऐकू येते. अंबोली, कोयना, भीमाशंकर इथल्या पावसाळी रात्री जो एकच किर्रकिर्राट वाटतो, त्यात किती स्वतंत्र गवई असतील याचा विचार करावा.

‘ह्यो भात खाता की राखता?’

आता जंगलातून शेतात येऊ. कारण शिकारी नाकतोड्याशी आपला रोजचा संबंध येतो तो तिथे.

सिंधुदुर्गातल्या एका गावी मी शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. भात फुटव्यावर आले होते. एक वयस्कर शेतकरी कागदाच्या पुडीत एक किडा घेऊन आले. बारीक चणीचा, हिरवा, पाठीवर तपकिरी पट्टा, मिश्या अंगाच्या दुप्पट. तो कोनोसेफॅलस होता, आपल्या गवताळ जमिनीतला आणि भातखाचरातला नेहमीचा कॅटिडिड. त्यांचा प्रश्न सरळ होता. “मास्तरानू, ह्यो भात खाता की भात राखता?”

मी म्हटले, “काका, दोन्ही करतो.”

त्यांचे समाधान झाले नाही. होणारही कसे? “मगे फवारो मारू की नको, ता सांगा.”

शाळेत जाळीचा एक खोका होता. त्यात भाताचे दोन चूड लावले, एका पानावर पिवळ्या खोडकिडीचा अंडीपुंज होता, आणि असे चार नाकतोडे सोडले. खोडकिडीची मादी पानाच्या टोकाशी अंडी घालते आणि वरून आपल्या अंगावरच्या केसांचे पिवळट नमद्यासारखे आवरण घालते. हे आवरण पुष्कळ शत्रूंना अडवते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आवरण कुरतडलेले होते आणि आतली अंडी बहुतेक संपली होती. पानांच्या कडाही दोन-तीन जागी खाल्लेल्या होत्या. काकांनी खोक्यात बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “पगार घेता, पण काम करता.”

याहून नेमके वर्णन मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९८७ मध्ये भातशेतीतल्या मित्रकीटकांवर एक पुस्तिका काढली. तिच्यात कोनोसेफॅलसच्या एका जातीला मित्रांच्या यादीत बसवले आहे. ती पाने आणि लोंबी थोडी खाते हे त्यात मान्य केले आहे, पण खोडकिडीची अंडी, लोंबीवरच्या ढेकण्यांची अंडी आणि तुडतुड्यांची पिल्ले ती खाते हेही सांगितले आहे. म्हणजे ती थोडे खाते आणि पुष्कळ राखते.

फवारणीचे औषध हा हिशेब पाहत नाही. ते मजुरी घेणाऱ्याला आणि चोराला सारखेच मारते. किंबहुना राखणदाराचे नुकसान अधिक होते, कारण किडीची पैदास भराभर होते आणि तिला खाणाऱ्यांची सावकाश. इंडोनेशियाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. तिथे तपकिरी तुडतुड्यांनी भाताचे प्रचंड नुकसान केले, आणि जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडे वाढले, कारण कोळी आणि इतर भक्षक कीटक औषधाने आधी संपले. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर वापरली जाणारी ५७ कीटकनाशके बंद केली आणि शेतकऱ्यांना शेत वाचायला शिकवण्याचा मार्ग धरला. त्या फौजेत कोळ्यांचा वाटा सर्वांत मोठा होता हे खरे. एकटा नाकतोडा कोणाचे पीक वाचवत नाही. पण फौज म्हटली की शिपाई सगळ्या प्रकारचे लागतात.

काकांना मी तेव्हा एवढेच सांगितले, की चौरस मीटरभर जागेत खोडकिडीचा एकापेक्षा जास्त अंडीपुंज दिसू लागला, किंवा शंभरातले पाचाहून अधिक फुटवे गाभा सुकून मेले, तर औषधाचा विचार करा. तोवर रोज सकाळी एक फेरी मारा आणि मोजा. त्यांनी त्या वर्षी फवारले नाही. पीक शेजाऱ्यांसारखेच आले, न कमी न जास्त. एका शेतावरून एका वर्षात काही सिद्ध होत नाही, हे मीही जाणतो आणि तेही जाणत होते. पण औषधाचे पैसे वाचले, आणि मोजण्याची सवय लागली. पुढच्या हंगामात ते पुडीत दुसराच किडा घेऊन आले आणि मिश्या लांब आहेत की आखूड, हे त्यांनीच मला आधी सांगितले.

वर्गीकरण म्हणजे शेवटी याहून वेगळे काय असते? सारखे दिसणाऱ्या दोघांत फरक ओळखणे आणि त्या फरकाप्रमाणे वागणे. ब्राझीलच्या जंगलात हे काम डीएनए तपासून होते, भाताच्या बांधावर मिश्या पाहून होते. दोन्हीकडे पणाला लागलेली गोष्ट एकच आहे. जो उपयोगी आहे, किंवा जो जगात आणखी कुठेही नाही, त्याला आपण नकळत संपवू नये.

यंदा पावसाळ्यात दिव्याभोवती हिरवा पाहुणा आला तर केरसुणी उचलण्याआधी क्षणभर थांबा. मुलांना बोलवा. मिश्या पाहा, गुडघ्याखालचा कान शोधा, पायावरचे काटे पाहा, मादी असेल तर तलवार पाहा. मग त्याला पेल्याखाली धरून, पेल्याखाली जाड कागद सरकवून, बाहेर गवतावर सोडा. हाताने धरू नका. काही झाले तरी तो शिकारी आहे, आणि आपल्याला चामखीळ नाही हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही.